पंचेचाळीस मिनिटांची परीक्षा, दोन वर्षांचं शिक्षण

काशिमिरा आणि गायमुख यांच्या मधे, घोडबंदर रस्त्याला लागून चेणे आहे. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आणि मधून रात्रंदिवस चालणारे कंटेनर. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतलं हे गाव सॉफ्टवेअरच्या दोन मोठ्या पट्ट्यांच्या मधोमध येतं, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पूर्वेला गायमुखचा घाट ओलांडला की कासारवडवली, मग पातलीपाड्याला हिरानंदानी इस्टेटमधलं टीसीएसचं ऑलिंपस, पुढे पोखरण रस्त्यावर त्याच कंपनीचं यंत्र पार्क, आणखी पुढे ऐरोलीचं माइंडस्पेस. पश्चिमेला दहिसर नाका मागे टाकला की गोरेगावचं निर्लॉन नॉलेज पार्क आणि अंधेरीचं सीप्झ. हे सीप्झ १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभं राहिलं आणि पुढे सॉफ्टवेअरचंही झालं. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली इथली मुलं आणि या इमारती यांच्यामध्ये दोनच अडथळे असतात, घोडबंदरची वाहतूक आणि मुलाखत. पहिल्याबद्दल रोज छापून येतं. दुसऱ्याबद्दल बोलतात ते बहुतेक क्लासवाले, आणि त्यांच्या बोलण्यात एक गृहीतक लपलेलं असतं: मुलाखत म्हणजे कामाचाच छोटा नमुना, तिथे जो चमकला तो कामातही चमकणार. हे गृहीतक पुराव्यापुढे टिकत नाही. मुलाखत माणूस निवडते, तीही बरीचशी अंदाजाने. अभियंता घडतो तो नोकरीच्या पहिल्या दोनेक वर्षांत. तेव्हा मोठी कंपनी किती चांगली हे तिची मुलाखत किती अवघड यावरून ठरवण्यापेक्षा ती त्या दोन वर्षांत नवख्या माणसाचं काय करते यावरून ठरवलेलं बरं.

आधी मुलाखतीत विचारतात काय ते पाहू. मोठ्या सेवा कंपन्या कॉलेजातून मुलं उचलतात तेव्हा सुरुवात ऑनलाइन परीक्षेने होते. टीसीएसची एनक्यूटी हे त्याचं सर्वांत परिचित उदाहरण. अंकगणित, इंग्रजी, तर्क, थोडं कोडिंग, मग एक तांत्रिक आणि एक एचआरची फेरी. गुणांनुसार निंजा, डिजिटल, प्राइम अशा पायऱ्या आणि त्यानुसार पगार. याउलट प्रॉडक्ट कंपन्या आणि परदेशी बँकांची इथली तंत्रज्ञान केंद्रं कोडिंगच्या फेऱ्यांवर भर देतात. फेरी साधारण पंचेचाळीस मिनिटांची, समोर एक अनोळखी माणूस आणि एक प्रश्न. नमुन्यादाखल सर्वांत सोपा प्रश्न घ्या. ७, १२, ३, २०, ८ अशी यादी दिली आहे. जिची बेरीज २३ येते अशी जोडी शोधा. प्रत्येक संख्या दुसऱ्या प्रत्येक संख्येशी जुळवून पाहणं हा सरळ मार्ग झाला. पाच संख्यांना तो चालेल. पण यादी दहा लाखांची असेल तर जोड्या होतात जवळजवळ पन्नास हजार कोटी. हुशार मार्ग असा की यादीतून एकदाच जायचं, पाहिलेली प्रत्येक संख्या बाजूला नोंदवायची आणि नव्या संख्येपाशी एवढंच विचारायचं की २३ मधून ही वजा केल्यावर उरते ती संख्या आधी येऊन गेली आहे का. २० पाशी पोहोचलो की ३ नोंदीत सापडतो आणि काम संपतं. दहा लाखांच्या यादीलाही दहा लाख पावलं पुरतात. कल्पना सुंदर आहे, आणि ती ज्याला समजली नाही त्याने मोठ्या प्रणालीला हात लावू नये हेही खरं. मात्र पुढच्या फेऱ्यांत याच जातीचे प्रश्न अवघड होत जातात. तेव्हा उमेदवाराची विचारशक्ती किती आणि त्याने आधी सोडवलेल्या तीन-चारशे प्रश्नांची आठवण किती, हे समोरच्यालाही सांगता येत नाही.

आता काम पाहू. समजा एका बँकेचं कर्जाचं सॉफ्टवेअर आहे आणि ग्राहकाची तक्रार आली आहे: हप्ता महिन्याच्या ३१ तारखेला ठरला होता, तो आता २८ तारखेलाच कापला जातो. तपासल्यावर कळतं की पुढच्या हप्त्याची तारीख मागच्या हप्त्याच्या तारखेत एक महिना मिळवून काढली जाते. ३१ जानेवारीनंतर फेब्रुवारीला ३१ तारीख नाही, म्हणून प्रोग्रामने २८ धरली. इथवर बरोबर. पण मार्चची तारीख त्याने २८ फेब्रुवारीवरून मोजली, आणि तेव्हापासून ते खातं २८ वरच अडकलं. दुरुस्ती एका ओळीची आहे, तारीख मागच्या हप्त्याऐवजी मूळ करारावरून मोजायची. ती ओळ लिहायला दोन मिनिटं लागतात. मात्र ही चूक किती खात्यांत शिरली आहे? व्याजाची आकारणी, ग्राहकाला जाणारा एसएमएस, खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याचा आदेश, सिबिलला जाणारा अहवाल, यांतला कोणकोण याच तारखेवर विसंबून आहे? आधी लवकर कापलेल्या हप्त्यांचं व्याज पुन्हा मोजायचं का, हा निर्णय प्रोग्रामरचा की बँकेचा? लीप वर्षात काय होईल? ही ओळ बारा वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याने ती मुद्दाम तशी लिहिली होती का? तो माणूस तर केव्हाच दुसरीकडे गेला आहे. मग बदल दुसऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घ्यायचा, चाचण्या लिहायच्या, रात्री दिवसअखेरीची प्रक्रिया संपल्यावर तो चढवायचा, आणि काही बिघडलंच तर मागे कसं फिरायचं हेही आधी ठरवून ठेवायचं. दोन मिनिटांच्या ओळीमागे दोन आठवडे जातात आणि त्यात कुणाचा आळस नसतो.

हे उदाहरण मी निवडून घेतलं आहे असं कुणी म्हणेल, म्हणून मोजमापाकडे वळू. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावर १९७५ मध्ये लिहिलेलं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक या व्यवसायात आजही वाचलं जातं. त्यांच्या हिशेबात कोड लिहिण्याचा वाटा कामाच्या एक षष्ठांश इतकाच होता. एक तृतीयांश वेळ आखणीला, अर्धा चाचण्यांना. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७८ व्यावसायिक प्रोग्रामरांच्या तीन हजारांहून अधिक कामाच्या तासांची संगणकावरूनच नोंद घेण्यात आली. सरासरी ५८ टक्के वेळ आधीचा कोड समजून घेण्यात गेला होता. म्हणजे या धंद्यातला माणूस लेखक कमी आणि वाचक जास्त असतो. आणि जुन्या कोडकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीने नवा प्रोग्राम आठ सर्व्हरांवर चढवायचा होता तो सातांवरच चढवला. आठव्यावर अनेक वर्षं बंद पडलेला जुना कोड तसाच होता, तो नव्या प्रोग्रामने पुन्हा वापरलेल्या जुन्या खुणेने जागा झाला आणि भराभर सौदे करत सुटला. पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. मुलाखतीतला प्रश्न न सुटलेला माणूस त्या साखळीत कुठेच नव्हता. जुना कोड काढून टाकायचं राहिलं होतं आणि आठवा सर्व्हर दुसऱ्या कुणी तपासला नव्हता, एवढंच.

मग मुलाखत अशी का? कंपन्यांना हा फरक कळत नाही असं मानणं भाबडेपणाचं होईल. काही हजार जागांसाठी लाखो अर्ज येतात तेव्हा चाळणी लागतेच, आणि ती स्वस्त, सर्वांना सारखी आणि यंत्राने तपासता येण्याजोगी असावी लागते. दुसरं कारण भीतीचं आहे. चांगला माणूस नाकारला तर त्याची नोंद कुठेच होत नाही. वाईट माणूस घेतला तर तो वर्षभर डोळ्यांसमोर असतो आणि त्याला घेणाऱ्याचं नाव निघतं. त्यामुळे मुलाखत घेणारा नकाराच्या बाजूला झुकतो. तिसरं कारण परंपरेचं, आणि ती आपल्याकडेही जुनी आहे. आयआयटी मुंबईतून नुकतेच बाहेर पडलेले नंदन निलेकणी १९७८ च्या अखेरीस मुंबईत पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांची मुलाखत नारायण मूर्तींनी घेतली. निलेकणींनीच सांगितल्याप्रमाणे मूर्तींनी त्यांना काही कोडी घातली, ती सुटली आणि नोकरी मिळाली. मायक्रोसॉफ्टने पुढे कोड्यांच्या मुलाखतीला जगभर प्रतिष्ठा दिली, गटाराची झाकणं गोल का असतात हा प्रश्न तिथूनच गाजला. गूगलने ती रीत उचलली, आणि २०१३ मध्ये त्यांचेच मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी जाहीर सांगितलं की ही कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान मिळतं इतकंच. कोडी गेली, अल्गोरिदम आले. २०१५ मध्ये मॅक्स हॉवेल यांनी ट्विटरवर लिहिलं की गूगलचे बहुतेक अभियंते आपण लिहिलेलं होमब्रू हे साधन वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून त्याच कंपनीने आपल्याला नाकारलं.

एका माणसाच्या रागावर सिद्धांत उभा राहत नाही, हे मान्य. पण माणसं निवडण्याच्या पद्धतींचा अभ्यास शंभरेक वर्षं चालू आहे आणि त्याचे आकडे हाताशी आहेत. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाची बेरीज मांडली. निवडीच्या वेळचे गुण आणि पुढची कामगिरी यांचा मेळ शून्य ते एक अशा मापावर बसवला तर प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं ०.५४ वर आलं, सर्वांना तेच प्रश्न आणि तीच गुणपद्धती असलेली आखीव मुलाखत ०.५१ वर, आणि गप्पांच्या अंगाने जाणारी मोकळी मुलाखत ०.३८ वर. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की त्या हिशेबातल्या दुरुस्त्या जरा सढळ हाताने केल्या होत्या. नव्या मोजणीत आखीव मुलाखत ०.४२ वर आली, कामाचा नमुना ०.३३ वर, आणि मोकळी मुलाखत ०.१९ वर घसरली. ‘खरं काम करून घ्या, सगळं कळेल’ असं म्हणणाऱ्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांनाही, हा आकडा अडचणीचा आहे. पण त्याचा खरा अर्थ आणखी कडू आहे. सर्वांत चांगल्या पद्धतीचा मेळ ०.४२ असेल तर त्याचा वर्ग होतो ०.१८ च्या आसपास, म्हणजे माणसामाणसाच्या कामगिरीतल्या फरकापैकी जेमतेम १८ टक्के फरकाचा अंदाज ती पद्धत देते. उरलेले ८२ टक्के मुलाखतीला दिसत नाहीत, आणि त्यांतलं बरंच काही तिच्या दाराबाहेर घडतं: वरिष्ठ कोण मिळाला, कोणतं काम मिळालं, चूक झाल्यावर काय ऐकून घ्यावं लागलं.

त्यातही ही फेरी कधीकधी भलतंच मोजते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. प्रश्न तेच. काहींनी ते बंद खोलीत एकट्याने सोडवले, काहींनी परीक्षकासमोर फळ्यावर, मोठ्याने विचार बोलून दाखवत. समोर माणूस असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. फळ्यापाशी उभ्या केलेल्या सगळ्या स्त्रिया नापास झाल्या आणि एकट्या बसलेल्या सगळ्या उत्तीर्ण. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलू नये. तरीही आपल्याकडे त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. इथे तो मोठ्याने केलेला विचार इंग्रजीत करावा लागतो. पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने २०२१ मध्ये संगणक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम मराठीतून सुरू केला. तिथून शिकलेल्या मुलालाही कोडिंगच्या फेरीत इंग्रजीतूनच बडबडत विचार करावा लागतो. नेमकं, मुद्देसूद लिहिता येणं कामात लागतंच आणि ते इंग्रजीत लागतं, याबद्दल वाद नाही. पण अनोळखी माणसासमोर परक्या भाषेत अडखळत न बोलणं ही वेगळी गोष्ट आहे आणि हप्त्याच्या तारखेचा बग शोधायला ती लागत नाही.

तर मुलाखत आंधळी आहे आणि कितीही सुधारली तरी अर्धवटच दिसणार आहे. म्हणून शहाणी कंपनी निवडीवरचा भरवसा कमी ठेवते आणि निवडीनंतरच्या शिक्षणावर खर्च करते. ही कल्पना सिलिकॉन व्हॅलीची नाही, मुंबई-पुण्यात ती पन्नास वर्षांपूर्वी चालत होती, आणि तीही नाइलाजाने. टीसीएस १९६८ ची. तिला उभं करणारे फकीरचंद कोहली टाटा इलेक्ट्रिकमधून आलेले विद्युत अभियंता. मूर्ती विद्युत अभियंता, निलेकणीही विद्युत अभियंता. पटनीतून बाहेर पडलेल्या सात जणांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस नोंदवली तेव्हा संगणक शाखेची पदवी देणारी महाविद्यालयं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यामुळे कंपन्यांनी मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, मिळेल त्या शाखेची मुलं घेतली. परीक्षा एवढीच की हा शिकेल का. शिकवायचं काम कंपनीचं. २००० सालच्या तारखेच्या गोंधळाआधी परदेशी बँकांचा जुना कोबोल कोड वाचून दुरुस्त करणारी फौज अशीच तयार झाली, आणि तिचं मुख्य कौशल्य दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणं हेच होतं. टीसीएसची प्रशिक्षणाची पहिली काही महिन्यांची पायरी, इन्फोसिसचं म्हैसूरचं अवाढव्य संकुल, ही त्याच समजुतीची मोठी झालेली रूपं. त्या पद्धतीत माणूस पहिले सहा महिने कंपनीला काहीच कमावून देत नसे, आणि ते सगळ्यांनी धरलेलंच असे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. याच पद्धतीने दर्जाहीन कामगारांची फौज तयार केली, स्वतःचं उत्पादन म्हणून सांगावं असं फार थोडं दिलं, आणि हुशार मुलं दोन वर्षं बेंचवर, म्हणजे कामाविना, बसून कुजली. आक्षेपात तथ्य आहे. सरसकट भरती आणि सरसकट वर्ग यातून सरासरी माणूस सरासरी कामाला लागतो, हे खरंच. पुण्यात १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी सुरू केलेल्या पर्सिस्टंटसारख्या कंपन्यांनी थोडी माणसं आणि अवघड काम हा दुसरा रस्ता धरला, आणि तो अधिक समाधान देणारा असणार. पण दोष नेमका कुठे आहे ते पाहायला हवं. शिकवलं म्हणून दर्जा घसरला नाही. सहा महिने वर्गात शिकवून नंतर दोन वर्षं एकाच स्क्रीनवरची बटणं हलवायला लावली, जुन्या माणसाच्या शेजारी बसवलं नाही, कोड कुणी वाचून परत दिला नाही, म्हणून तो घसरला. शिक्षण वर्गात संपतं असं कंपन्यांनी मानलं, चूक तिथे झाली. आणि प्रॉडक्टवाल्या बाजूची उलटी चूक अशी की मुलगा तीन फेऱ्या पार करून आला म्हणजे तो शिकूनच आला, असं तिथे धरतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: नवख्याला शिकवा आणि तो दुसरीकडे उड्या मारत जातो. २०२२ च्या जून तिमाहीत इन्फोसिसमधून नोकरी सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण २८ टक्क्यांच्या वर गेलं होतं, तेव्हा भीती खोटी नाही. पण लोक शिकले म्हणून जात नाहीत. शिकल्यावरही पगार फ्रेशरचाच राहतो म्हणून जातात. मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्याचा पगार साडेतीन लाखांच्या आसपास आहे, निंजाच्या पायरीवर तर तो ३.३६ लाख, आणि हा आकडा दहा-बारा वर्षांत जवळपास जागचा हललेला नाही. ठाण्यात खोली भाड्याने घेऊन या पगारात राहणं किती अवघड आहे हे घोडबंदर रस्त्यावरच्या कुठल्याही एजंटला विचारा. चेण्याच्या मुलाला निदान भाडं पडत नाही, त्याऐवजी गायमुखच्या घाटात तास जातात. तोच मुलगा दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत गेला की त्याला भरघोस वाढ मिळते, आणि त्याच्या जागी आलेल्या अनुभवी माणसाला पहिली कंपनीही तेवढेच पैसे मोजते. म्हणजे पैसे द्यायचेच असतात, फक्त आपल्याच माणसाला द्यायचे नसतात. बाँड लिहून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि सर्वांत वजनदार आहे. कोड आता एआय लिहितं, मग नवख्यांना शिकवायचं तरी कशाला? कंपन्यांचं वागणं याच दिशेने चाललं आहे असं दिसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं. तीन संधींत ते अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण झाले नाहीत असं कंपनीचं म्हणणं. पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना हे प्रकरण कामगार मंत्रालयाकडे घेऊन गेली. त्याच वर्षी जूनमध्ये टीसीएसने नियम केला की प्रत्येकाने वर्षात २२५ दिवस तरी क्लायंटच्या कामावर असावं आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहू नये. बेंचवरच्या वेळात शिकावं असंही त्यात म्हटलं आहे. जुलैमध्ये सुमारे बारा हजार जणांची, म्हणजे दोनेक टक्क्यांची कपात जाहीर झाली, आणि तीत मधल्या व वरच्या फळीचे लोक जास्त होते. प्रत्येक निर्णयाला कंपनीच्या बाजूने कारण असेल. एकत्र पाहिले तर मात्र काय दिसतं? शिकण्याची मोकळीक आकसली आणि ज्याच्या शेजारी बसून शिकायचं तो अनुभवी माणूसही कमी झाला. आता पुन्हा हप्त्याच्या तारखेकडे या. ती एक ओळ एआय क्षणात लिहील, कदाचित चूकही दाखवेल. पण कुठल्या खात्यांना धक्का लागेल, बँकेला काय विचारायचं, मागे कसं फिरायचं, यासाठी वाचणारा आणि जबाबदारी घेणारा माणूस पूर्वीपेक्षा जास्त लागतो, कारण वाचायचा कोड आता कितीतरी वेगाने वाढतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बदल सगळीकडे एकदम न चढवता आधी थोड्या यंत्रांवर चढवून पाहावा, हे शहाणपण कुठल्याही कोडिंगच्या फेरीत विचारत नाहीत. ते जुन्या माणसाकडून नव्याकडे जातं.

मुलाखतही एआयने हलवली आहेच. ऑनलाइन फेरीत दुसऱ्या खिडकीतून उत्तर मागणं इतकं सोपं झालं की २०२५ मध्ये गूगलचे सुंदर पिचई यांनी किमान एक फेरी पुन्हा समोरासमोर घेण्याचं सांगितलं. म्हणजे घाटातली वाहतूक परत आली. याहून सोपा आणि बरा उपाय आहे: प्रश्नच बदला. उमेदवाराला तीन-चारशे ओळींचा, चालणारा पण कुठेतरी चुकणारा प्रोग्राम द्या, तासभर शांत वाचू द्या, हवं तर एआयही वापरू द्या, आणि मग सगळ्यांना तेच चार प्रश्न विचारा: चूक कुठे, दुरुस्तीने आणखी काय हलेल, तू काय तपासशील, कुणाला काय विचारशील. घरी करायला दिलेले दोन-दोन दिवसांचे फुकट प्रकल्प मात्र नकोत. घरकाम आणि प्रवास सांभाळणाऱ्याला, त्यातही मुलींना, तो दंडच होतो. तासाभराची, आखीव, कार्यालयात बसून करायची वाचनाची फेरी आकड्यांच्या कसोटीवरही मोकळ्या गप्पांपेक्षा उजवी ठरेल. तरीही तिच्याकडून १८ टक्क्यांच्या फार पलीकडची अपेक्षा ठेवू नये.

तोवर उमेदवारापुढे जी चाळणी आहे ती आहे. तिची तयारी करायची तर परीक्षेसारखी करा, दोन-तीन महिने, ठरावीक पद्धतींचे प्रश्न, घड्याळ लावून, मोठ्याने बोलत. नकार आला तर तो त्या दिवशीच्या पाऊण तासाला आला असं समजा आणि पुढचा अर्ज करा. पण त्याच काळात कुठल्या तरी खुल्या प्रकल्पाचा जुना कोड उघडून वाचा, एखादा लहान बग शोधा, दुरुस्ती पाठवा आणि अनोळखी माणसाने ती परत पाठवली तर का पाठवली ते समजून घ्या. या वाचनाचे गुण मुलाखतीत मिळतीलच असं नाही. नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र ते मिळू लागतात. आणि फेरीच्या शेवटी समोरचा विचारतो, ‘तुमचे काही प्रश्न?’ तेव्हा संकोचाने मान हलवून उठू नका. विचारा की गेल्या वर्षी आलेल्या नवख्यांचा पहिला बदल प्रोडक्शनला किती दिवसांनी गेला, त्यांचा कोड कोण वाचतं, रात्री काही पडलं तर नव्या माणसासोबत जुना कोण जागा असतो, आणि दोन वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती जण अजून याच टीममध्ये आहेत. ज्या टीमला हे माहीत असतं ती पटकन सांगते, नावानिशी सांगते. उत्तर गोलमोल आलं आणि हातात दुसरी ऑफर असेल, तर थोडा पगार कमी असला तरी ती दुसरी घ्या.